परीक्षण कुणासाठी लिहिलेलं असतं?

३० सप्टेंबर २०२२. त्या शुक्रवारी बेंगळुरूच्या चित्रपटगृहांत मणिरत्नम यांच्या तमिळ ‘पोन्नियिन सेल्वन’चा पहिला भाग लागला, हृतिक रोशन आणि सैफ अली खान यांचा हिंदी ‘विक्रम वेधा’ लागला आणि ऋषभ शेट्टी यांचा कन्नड ‘कांतारा’ही लागला. पहिल्या दोन चित्रपटांमागे मोठी नावं होती, मोठा पैसा होता. तिसरा फक्त कन्नडमध्ये प्रदर्शित झाला होता. किनारी कर्नाटकातलं एक गाव, जंगलावरचा हक्क आणि भूतकोळ हा तिथला दैवत अंगात संचारण्याचा विधी, एवढ्यावर त्याची गोष्ट उभी होती.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. ‘कांतारा’ दोन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, हिंदीत आला, लगेच तेलुगूत आला आणि देशभर चालला. २०२४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा ऋषभ शेट्टींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. पण या यशाच्या कडेला एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. एकाच चित्रपटाची दोन प्रकारची परीक्षणं लिहिली गेली. बेंगळुरूतल्या पत्रकारांनी पहिल्या आठवड्यात लिहिलं तेव्हा चित्रपटाचं काय होणार याची कुणालाच कल्पना नव्हती. मुंबई-दिल्लीच्या अनेकांनी लिहिलं तेव्हा तो गाजलेला चित्रपट होता. पहिल्या गटाला ‘हा चित्रपट कसा आहे’ हे सांगायचं होतं, तर दुसऱ्याला ‘हा एवढा का चालतोय’ हे समजावायचं होतं. चित्रपट तोच, त्याची लांबीही तीच. मात्र लिहिणाऱ्यासमोरचा प्रश्न वेगळा, म्हणून लेखही वेगळा.

वाचक परीक्षणाकडे साधारणपणे निकाल म्हणून पाहतो. चांगला की वाईट, जायचं की नाही. दोन वृत्तपत्रांचे निकाल जुळले नाहीत की कुणीतरी विकला गेलाय किंवा कुणाला तरी सिनेमा कळत नाही, असं त्याला वाटतं. दोन्ही गोष्टी कधी कधी खऱ्या असतातही. पण बहुतेक वेळा फरकाचं कारण साधं असतं: प्रत्येक प्रकाशनाच्या डोळ्यांसमोर वेगळा वाचक असतो, आणि लेखाची लांबी, सूर, तारे, कथानक किती सांगायचं, कशावर बोट ठेवायचं, हे सगळं तो वाचक ठरवतो. हे पाहायला बेंगळुरूइतकं सोयीचं शहर भारतात क्वचितच सापडेल.

कारण या शहरात एका शुक्रवारी पाच-सहा भाषांतले चित्रपट लागतात, आणि ते मुख्यतः मूळ भाषेत पाहिले जातात. याला इतिहास आहे. कन्नड चित्रपटसृष्टीने १९६०च्या दशकापासून इतर भाषांतले चित्रपट कन्नडमध्ये डब करायला विरोध केला. कायद्याने बंदी नव्हती, पण निर्माते, वितरक आणि संघटनांनी ती जवळजवळ पाच दशकं पाळायला लावली. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या अडवणुकीविरुद्ध निर्णय दिला आणि मग हळूहळू डबिंग सुरू झालं. तोवर बेंगळुरूकराला रजनीकांत तमिळमध्ये, चिरंजीवी तेलुगूत आणि मोहनलाल मल्याळममध्ये पाहायची सवय लागून गेली होती. साहजिकच शहरातल्या इंग्रजी वृत्तपत्रांना वेगवेगळ्या भाषांचे जाणकार लागले. कन्नड वृत्तपत्रांचं मात्र मुख्य घर कन्नड चित्रपटच राहिलं.

आता महात्मा गांधी रस्त्यावरची एक इमारत पाहू. ‘डेक्कन हेराल्ड’ आणि ‘प्रजावाणी’ ही दोन्ही दैनिकं एकाच प्रकाशनसंस्थेची, दोन्ही १९४८ साली सुरू झालेली. एक इंग्रजी, एक कन्नड. मालक एक, पत्ता एक, पण चित्रपट पाहायला जाणारी माणसं दोन आणि परीक्षणंही दोन. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘विजय कर्नाटक’ यांचंही तसंच. १९९९ साली विजय संकेश्वर यांनी सुरू केलेलं ‘विजय कर्नाटक’ २००६ मध्ये टाइम्स समूहाने घेतलं. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ एका घरातले, ‘लोकसत्ता’ आणि ‘इंडियन एक्सप्रेस’ एका घरातले. तरी एखाद्या मराठी चित्रपटाबद्दल या जोड्यांतली दोन परीक्षणं शेजारी ठेवून वाचली तर लेखकांच्या आवडीनिवडीच्या पलीकडचा फरक जाणवतो.

कन्नड दैनिकातला समीक्षक असं धरून चालतो की वाचकाला नट माहीत आहे, त्याचे मागचे चार चित्रपट माहीत आहेत, दिग्दर्शक कुणाच्या हाताखाली तयार झाला तेही माहीत आहे. त्यामुळे ओळख करून देण्यात त्याचे शब्द जात नाहीत. तो संवादांवर बोलू शकतो, बोलीवर बोलू शकतो. इंग्रजी दैनिकाच्या वाचकांत कानडी घरातली माणसं असतात, तशीच नोकरीसाठी आलेली बंगाली, मल्याळी, मराठी माणसंही असतात. त्यांना आधी सांगावं लागतं की हा नट कोण, ही गोष्ट राज्याच्या कुठल्या भागातली, आणि इंग्रजी सबटायटल आहेत की नाहीत. चारशे शब्दांतले शंभर इथेच संपतात.

राम रेड्डी यांचा ‘तिथी’ हा याचा उत्तम नमुना. मंड्या जिल्ह्यातल्या नोडेकोप्पलू गावात, अभिनयाचा अनुभव नसलेल्या गावकऱ्यांना घेऊन केलेला हा चित्रपट. २०१५ मध्ये लोकार्नो महोत्सवात त्याला दोन पारितोषिकं मिळाली, राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट ठरला आणि २०१६ मध्ये इथे प्रदर्शित झाला. इंग्रजी वाचकापर्यंत तो लोकार्नोच्या वाटेने पोचला. परदेशात गौरवलेला, धीम्या गतीचा, व्यावसायिक चौकटीबाहेरचा भारतीय चित्रपट. कन्नड वाचकासाठी मात्र त्याची पहिली ओळख मंड्याच्या बोलीची आहे. त्या बोलीतल्या शिव्या, तिचा हेल आणि म्हाताऱ्या गड्डप्पाचं तुटक बोलणं सभागृहात हशा पिकवतात. एकासाठी तो कलात्मक चित्रपट, दुसऱ्यासाठी विनोदी. दोन्ही वर्णनं खरी आहेत, पण एकच वाचणाऱ्याच्या हाती अर्धा चित्रपट लागतो.

‘कांतारा’लाही हेच लागू पडतं. मणिपालहून निघणाऱ्या ‘उदयवाणी’च्या उडुपी-मंगळुरूकडच्या वाचकाला भूतकोळ म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, त्याच्या गावात तो होतो. त्याला हवं असतं ते हे की विधी नीट दाखवलाय का, पंजुर्ली या दैवताचा आब राखलाय का. बेंगळुरूच्या वाचकाला थोडी माहिती लागते, मुंबईच्या वाचकाला सगळीच. २०२५च्या सप्टेंबरमध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आला तेव्हा मराठीतही असाच प्रसंग होता. कुडाळ-सावंतवाडीकडच्या वाचकासाठी लिहिताना दशावतारी खेळाची ओळख करून देणं हास्यास्पद ठरलं असतं. विदर्भातल्या वाचकासाठी लिहिताना ती टाळणं चुकीचं झालं असतं.

‘कांतारा’चं तिसरंही वाचन झालं. २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या ‘द न्यूज मिनिट’सारख्या वृत्तसंकेतस्थळांचा वाचक तरुण, इंग्रजी वाचणारा आणि सामाजिक प्रश्नांवर वाद घालणारा आहे. सौम्या राजेंद्रन यांनी तिथे दक्षिणेतल्या चित्रपटांवर वर्षानुवर्षं लिहिलं आणि कथेत बाईचं पात्र नक्की कशासाठी आहे, हा प्रश्न त्या सातत्याने विचारत राहिल्या. अशा दृष्टीने पाहणाऱ्या समीक्षकांना ‘कांतारा’तल्या नायकाचं नायिका लीलाशी वागणं खटकलं, आणि त्यांनी ते लिहिलं. त्याच सुमारास अभिनेते चेतन यांनी भूतकोळ ही हिंदू परंपरा आहे का, असा प्रश्न काढला आणि मोठा वाद पेटला. पहिल्या शुक्रवारच्या परीक्षणांत यातलं फारसं काही येणं शक्यच नव्हतं. दुपारी चित्रपट पाहून संध्याकाळी मजकूर देणाऱ्याकडे एवढा वेळ नसतो. म्हणजे परीक्षणाची शैली वाचक घडवतो, तसं घड्याळही घडवतं.

घड्याळावरून ताऱ्यांकडे येऊ.

चित्रपटाला तारे देण्याची पद्धत बरीच जुनी आहे. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेने १९२८ च्या जुलैत ती सुरू केली. तेव्हा कमाल तारे तीन होते आणि पहिल्या चित्रपटाला तिने एकच दिला. घाईत असलेल्या, वृत्तपत्र लोकलमध्ये चाळणाऱ्या वाचकाची ती सोय होती. आज भारतात पाच ताऱ्यांची पद्धत रूढ आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समीक्षकाचे तारे देतं आणि संकेतस्थळावर वाचकांचे वेगळे. ‘न्यू इंडियन एक्सप्रेस’च्या ‘सिनेमा एक्सप्रेस’मध्ये तारे असतात. मराठीत ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या परीक्षणांना असतात. ‘द हिंदू’ मात्र तारे देत नाही, आणि त्याचा परिणाम लेखावर उघड दिसतो. जिथे तारे आहेत तिथे लेखाला शेवटी त्या आकड्याचं समर्थन करावं लागतं. मग अभिनय ठीक, संगीत श्रवणीय, छायाचित्रण नेत्रसुखद, संकलनाला कात्री हवी होती, अशी हजेरी घेत लेखक आकड्यापाशी येतो. जिथे तारे नाहीत तिथे त्याला एखाद्याच मुद्द्यावर रेंगाळता येतं, आणि चित्रपट आवडला की नाही हेही अर्धवट सोडून देता येतं.

ताऱ्यांचा खरा दोष वेगळा आहे. आकडा लेखापासून सुटतो. निर्माता तो पोस्टरवर छापतो, आठ प्रकाशनांचे तारे एका ओळीत मांडतो, आणि ‘साडेतीन’ या आकड्यामागे लेखकाने काय शंका घेतल्या होत्या त्या गळून पडतात. शिवाय साडेतीन हा आकडा भारतीय वृत्तपत्रांत इतका सर्रास दिला जातो की त्यातून ‘पाहिला तरी चालेल’ यापलीकडे काही कळत नाही. समीक्षकाला खरोखर काही सांगायचं असेल तर ते शब्दांतच सांगावं लागतं, आणि तारे वाचून थांबलेला वाचक तिथवर पोचत नाही.

जाहिरातीचा मुद्दाही इथेच येतो, कारण पोस्टरवरचे तारे आणि पहिल्या पानावरची जाहिरात एकाच खिशातून येतात. या बाबतीत बेंगळुरूने एक विलक्षण प्रयोग पाहिला आहे. पी. लंकेश यांनी १९८० साली ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. अंक फक्त विक्रीवर चालायचा. लंकेश बाहेरून बोलणारे नव्हते. ‘संस्कार’ या १९७०च्या चित्रपटात त्यांनी नारणप्पाची भूमिका केली होती, आणि स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘पल्लवी’साठी १९७६ च्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालं होतं. असा माणूस संपादक, आणि कुठल्याही निर्मात्याचं काही देणं लागत नसलेला अंक. त्यातलं लिखाण धारदार असायचं, बोलभाषेत असायचं आणि मोठ्या नावांना भीत नसायचं. राजकारण्याबद्दल ज्या भाषेत लिहायचं त्याच भाषेत नटाबद्दल लिहायचं, हा त्या साप्ताहिकाचा बाणा होता. त्यात अन्यायही होत असे. लंकेश यांची आवडनिवड तीव्र होती आणि ती अंकभर पसरलेली असायची. पण वाचकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: इथली स्तुती विकत घेतलेली नाही.

मराठी मुलखाने याचा एक पूर्वज पाहिलाय. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केलं. बाबूरावांची परीक्षणं लोक भीतीने आणि आनंदाने वाचत. पण ‘फिल्मइंडिया’ चित्रपटांच्या जाहिरातींनी भरलेलं असे. जाहिराती घेऊनही झोडपण्याइतका दरारा त्यांनी कमावला होता, लंकेश यांनी जाहिरातच नाकारून तो मिळवला. दोघांचं साम्य असं की प्रकाशनाची शैली म्हणजे एका माणसाचा आवाज होता. आज वृत्तपत्रांत समीक्षक बदलत राहतात, कधी परीक्षणावर नावही नसतं, आणि वाचकाला कुणाशी नातं जोडता येत नाही. हे नुकसान लहान नाही. एखाद्या समीक्षकाशी दहा वर्षं भांडत भांडत वाचक स्वतःची आवड घडवतो. नाव नसलेल्या परीक्षणाशी भांडता येत नाही.

प्रकाशन एखाद्या समीक्षकाला किती जागा देतं यावर कधी कधी चित्रपटाचं नशीब फिरतं. १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर यांनी त्याला झोडपलं. क्राउदर १९४० पासून त्या वृत्तपत्राचे मुख्य समीक्षक होते, त्यांचा शब्द जड होता. त्याच शहरातल्या ‘न्यूयॉर्कर’ने ऑक्टोबरमध्ये पॉलिन केल यांचा या चित्रपटावरचा प्रदीर्घ लेख छापला. दुसऱ्या एका नियतकालिकाने नाकारलेला तो लेख होता. केल यांनी हा चित्रपट प्रेक्षकांना का भिडतो याची उकल केली. वर्ष संपता संपता क्राउदर यांची मुख्य समीक्षकाची जागा गेली, आणि केल पुढच्या वर्षापासून ‘न्यूयॉर्कर’च्या नियमित समीक्षक झाल्या. दैनिकाच्या स्तंभात केल यांचा तो युक्तिवाद मावलाच नसता.

बेंगळुरूत अशी ऐसपैस जागा तयार केली ती फिल्म सोसायट्यांच्या भोवतीच्या माणसांनी. सुचित्रा फिल्म सोसायटी १९७१ पासून शहरात चित्रपट दाखवते आहे. १९८७ मध्ये इथून ‘डीप फोकस’ हे चित्रपटविषयक इंग्रजी नियतकालिक निघालं. एम. के. राघवेंद्र त्याच्या संस्थापक-संपादकांपैकी एक. १९९७ साली त्यांना सर्वोत्कृष्ट समीक्षकाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि २०१० सालासाठीचं तेच पारितोषिक बेंगळुरूचे एन. मनू चक्रवर्ती यांना जोशी जोसेफ यांच्यासह विभागून मिळालं. राघवेंद्र यांच्या लिखाणात चित्रपट पाहावा की नाही हा प्रश्नच नसतो. कन्नड लोकप्रिय चित्रपटाच्या मनात जुन्या म्हैसूर संस्थानाची प्रतिमा कशी दडून आहे, हे त्यांनी ‘बायपोलर आयडेंटिटी’ या २०११च्या पुस्तकात तपासलं. कन्नड नट राजकुमार यांचा गाजलेला चित्रपट दैनिकाने ‘सहकुटुंब पाहण्यासारखा’ म्हणून निकालात काढलेला असतो. राघवेंद्र त्याच चित्रपटात राज्यपुनर्रचनेनंतरची घालमेल शोधतात.

मराठीत याला समांतर काम झालंय. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, सुधीर नांदगावकरांनी ते वाढवलं आणि मंडळाच्या ‘रूपवाणी’त चित्रपटावर सविस्तर लिहायची सवय मराठीला लागली. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर लिहिलेल्या पुस्तकाला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. अशोक राणे, विजय पाडळकर, गणेश मतकरी यांनी जागतिक चित्रपट मराठी वाचकाच्या ओळखीचा केला. दोन्ही भाषांतल्या या लेखनाची मुळं पुण्यात एकत्र येतात. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर चित्रपट कसा पाहावा हे शिकवत, आणि शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने चित्रपट-रसास्वादाचं काम हाती घेतलं तेव्हा बहादूर तिथेही गेले. शेतकऱ्यांसमोर ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ज’ दाखवून त्यावर चर्चा घडवणारी ही परंपरा आहे. समीक्षा म्हणजे शहरी, इंग्रजी वाचणाऱ्यांचा छंद, असं म्हणणाऱ्यांनी हेग्गोडूची आठवण ठेवावी.

व्यापारी परीक्षणांचा प्रकार वेगळाच. अमेरिकेत ‘व्हरायटी’, मुंबईत ‘फिल्म इन्फर्मेशन’ आणि ‘ट्रेड गाइड’ यांचा वाचक म्हणजे थिएटरमालक आणि वितरक. पहिला अर्धा भाग खेचतो का, कुटुंबं येतील का, जिल्ह्याच्या गावात चालेल का, एवढंच त्याला हवं असतं. या परीक्षणांना कलेचं वावडं आहे असं म्हणणं चूक आहे, कारण कलेचं मोजमाप करू असं वचन त्यांनी कधी दिलेलंच नसतं. गोंधळ होतो तो सर्वसाधारण वृत्तपत्रं तीच भाषा उचलतात तेव्हा. पहिल्या तीन दिवसांच्या कमाईचा आकडा परीक्षणाच्या शेजारी छापला की समीक्षकाचं मत आपोआप खोटं किंवा खरं ठरू लागतं. ‘केजीएफ’च्या दुसऱ्या भागाने २०२२ मध्ये हजार कोटींचा टप्पा ओलांडला, म्हणून त्याच्या पटकथेबद्दल कुणी घेतलेली शंका रद्द होत नाही. उलट रक्षित शेट्टी यांचा ‘उळिदवरु कंडंते’ २०१४ मध्ये तिकीटखिडकीवर कमी पडला आणि नंतरच्या वर्षांत तरुण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. तिकीटखिडकीचा आकडा हे परीक्षण नव्हे.

आता एक अवघड गोष्ट. कन्नड वृत्तपत्रं कन्नड चित्रपटाशी जरा मवाळ वागतात अशी तक्रार बेंगळुरूत नेहमी ऐकू येते, आणि मराठी वृत्तपत्रांबद्दल आपल्याकडेही. तिची कारणं समजण्यासारखी आहेत. राजधानीच्याच शहरात कन्नड चित्रपटाला तमिळ, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीशी पडद्यासाठी झगडावं लागतं. राजकुमार कन्नड भाषेसाठीच्या गोकाक चळवळीत उतरले तेव्हापासून कन्नड चित्रपट आणि कन्नड भाषेचा अभिमान एकमेकांना बांधले गेले. मुंबईत मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळावा म्हणून आंदोलनं झाली, त्यामागची भावना तीच. अशा वातावरणात आपल्या भाषेतला चित्रपट पाडणारं परीक्षण लिहिणाऱ्याला आपण घरभेदी आहोत असं वाटू लागतं. मग ‘प्रयत्न स्तुत्य आहे’ हे वाक्य येतं. हेतू चांगला असेल, परिणाम वाईट होतो. दर आठवड्याला प्रत्येक चित्रपट स्तुत्य ठरला की खरोखर चांगला चित्रपट आल्यावर वाचक विश्वास ठेवत नाही. मवाळपणाची किंमत शेवटी त्याच भाषेतला चांगला दिग्दर्शक मोजतो.

मराठी आणि कन्नड चित्रपटांचं नातं तसं जन्मापासूनचं आहे. पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला आणि ३ मार्च १९३४ रोजी बेंगळुरूत झळकला. अलीकडे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’वरून एस. नारायण यांनी २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’ काढला. रिंकू राजगुरूच त्यात नायिका होती. अशा चित्रपटाचं परीक्षण करणाऱ्यापुढे मोठा पेच असतो. मूळ चित्रपटाशी तुलना करायची, तर ‘सैराट’ न पाहिलेल्या कन्नड वाचकाला त्याचा उपयोग काय? न करायची, तर करमाळ्याच्या मातीत रुजलेली जातीची गोष्ट दुसऱ्या मातीत नेताना काय हरवलं हे सांगणार कोण? इथे ‘योग्य’ परीक्षण एक नाही. वाचक कोण हे ठरल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र परीक्षण कुणी लिहायचं आणि केव्हा, यावरच भांडण सुरू झालंय. केंपेगौडा रस्त्यावरच्या संतोष, नर्तकी, अनुपमा या चित्रपटगृहांबाहेर पहिला खेळ सुटला की मोबाइल घेतलेली मुलं प्रेक्षकांना गाठतात, आणि समीक्षकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘पब्लिक रिव्ह्यू’ यूट्यूबवर पोचतो. निर्मात्यांची तक्रार आहे की यात पैसे घेऊन केलेली स्तुती असते आणि ठरवून केलेली बदनामीही. केरळमध्ये ‘राहेल मकन कोरा’ या चित्रपटाच्या निमित्ताने ऑक्टोबर २०२३ मध्ये कोची पोलिसांनी अशा बदनामीबद्दल गुन्हा नोंदवला, आणि पुढे केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने प्रदर्शनानंतर ४८ तास व्लॉगरांनी परीक्षणं करू नयेत असं सुचवलं. तमिळ निर्मात्यांनी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिले तीन दिवस परीक्षणं रोखण्याची मागणी केली. न्यायालयाने तशी सरसकट मनाई केली नाही. बेंगळुरूत डिसेंबर २०२५ मध्ये कन्नड अभिनेते दर्शन यांच्या ‘द डेव्हिल’च्या वेळी न्यायालयाच्या आदेशामुळे ‘बुकमायशो’वर प्रेक्षकांचे गुण आणि अभिप्राय बंद ठेवले गेले.

बनावट खात्यांचा त्रास खरा आहे, त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला ‘मला आवडला नाही’ म्हणायला दोन दिवस थांबवणं चुकीचं आहे. या गदारोळात वृत्तपत्रांना एक संधीही आहे. पहिला निकाल देण्याची शर्यत ती हरली आहेत आणि पुन्हा जिंकणार नाहीत. ज्यांच्याकडे जाणकार माणूस आहे त्यांनी शनिवारी चारशे शब्दांत तारे वाटण्यापेक्षा पुढच्या आठवड्यात हजार शब्दांत चित्रपट उलगडावा. तोवर अनेकांनी तो पाहिलेला असतो आणि त्यांना त्यावर बोलायला कुणीतरी हवं असतं. मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्यांना हे सहज जमेल. संपादकांनी जागा द्यायची तयारी दाखवायला हवी.

आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या शुक्रवारी एखाद्या चित्रपटाबद्दल उत्सुकता असेल तर एकाऐवजी दोन परीक्षणं वाचा: एक चित्रपटाच्या भाषेतल्या वृत्तपत्रातलं आणि एक दुसऱ्या भाषेतल्या. तारे झाकून वाचा, लेखकाचं नाव लक्षात ठेवा, आणि चित्रपट पाहून आल्यावर दोन्ही पुन्हा काढा. पटलं नाही तर संपादकांना पत्र लिहून का पटलं नाही ते कळवा.